बिनधुराचा यज्ञ

अमेरिकी उपनगरातील घरामागच्या अंगणाला, म्हणजे आपल्या भाषेत परसाला, हिरवळ राखण्याची जागा समजणे ही अपुरी व्याख्या आहे; मे महिन्याच्या अखेरीस येणाऱ्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या आरंभीच्या लेबर डेपर्यंत ती यज्ञभूमी असते. तेथील यजमानपद बहुधा कर्त्या पुरुषाकडे जाते, आणि एरवी स्वयंपाकघरात मिठाची बरणी सापडण्यासाठीही ज्याला हाक मारावी लागते, तो गृहस्थ या काळात लांब दांड्याचा चिमटा धारण करून, डोळ्यांत धूर घेत, निखाऱ्यांविषयी अधिकारवाणीने बोलू लागतो. इलिनॉयमधील जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये पाण्यावरील बोया बनवण्याच्या धातूच्या अर्धगोलांतून घुमटाकार झाकणाचे कोळशाचे ग्रिल घडवले, तेव्हापासून या विधीचे पात्र बव्हंशी स्थिर होते. त्यात आता विजेवरचे ग्रिल सुधारकाच्या भूमिकेतून उतरले आहे, आणि अनेक सुधारकांप्रमाणे त्यानेही देऊळ स्वच्छ करण्यासाठी आधी मूर्ती बाहेर काढली आहे.

यंत्राची रचना गूढ नाही. निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची, म्हणजे नायक्रोमची, तार विजेच्या प्रवाहाला विरोध करते, त्या विरोधातून उष्णता उपजते आणि वरची जाळी तापते. इस्त्री आणि टोस्टर याच तत्त्वावर चालतात, फक्त त्यांच्याभोवती मित्रमंडळी जमत नाहीत. अडचण आहे ती भिंतीत. अमेरिकी घरातील नेहमीचे सॉकेट १२० व्होल्ट दाबाचे आणि १५ अँपियर प्रवाहाचे असते. या दोहोंचा गुणाकार १८०० वॉट होतो, आणि ग्रिल कितीही भव्य असो, त्याच्या झाकणावर कोणत्याही हिंस्र पशूचे चित्र असो, त्या सॉकेटातून त्याला याहून अधिक शक्ती मिळत नाही. तीन बर्नरच्या सर्वसाधारण गॅस-ग्रिलची क्षमता सुमारे ९ किलोवॉट, म्हणजे याच्या पाचपट भरते. अर्थात गॅसची बरीच उष्णता फटींतून आकाशाला अर्पण होते, तर विजेच्या ग्रिलची तार जाळीला लगटून असते आणि झाकण घट्ट बसते, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून निकाल देणे अन्यायाचे ठरेल. झाकण लावून पंधरा-वीस मिनिटे धीर धरला, तर कोंबडीचे तुकडे, मासे, मक्याची कणसे त्यावर उत्तम होतात. पदार्थ तपकिरी व खमंग होण्यामागे साखर आणि अमिनो आम्ले यांच्यातील जी प्रक्रिया असते, जिचे वर्णन लुई-कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले, तिला साधारण १४० अंश सेल्सियसपासून वेग येतो, आणि तेवढे तापमान हे यंत्र सहज गाठते. घोटाळा झाकण उघडल्यावर होतो. आणि यजमान ते दर दोन मिनिटांनी उघडतो, कारण फुंकर घालणे, कोळसे सारणे, ज्वाळेवर पाणी शिंपडणे ही त्याची सर्व खाती यंत्राने काढून घेतलेली असतात. उडालेली उष्णता १८०० वॉटच्या तुटपुंज्या मिळकतीतून भरून निघेपर्यंत जाड स्टेक भाजायचे सोडून शिजू लागतो. धगधगत्या निखाऱ्याची गोष्ट वेगळी. तापलेल्या वस्तूतून बाहेर पडणारे उत्सर्जन तिच्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे निखारा आतले मांस शिजण्यापूर्वीच बाहेरून कवच चढवतो.

धुराचा अध्याय तर अधिकच करुण आहे. भाजल्याचा म्हणून जो वास ओळखला जातो, त्यातील मोठा भाग मांसातील चरबी निखाऱ्यावर ठिबकून, जळून, धूररूपाने पुन्हा मांसाला चिकटते यातून येतो. सरपण वापरल्यास लाकडातील लिग्निन या घटकापासून निघणारी ग्वायाकोलसारखी सुवासिक द्रव्ये त्यात भर घालतात. विजेच्या ग्रिलमध्ये चरबी बहुधा खालच्या तबकात गोळा होते आणि तेथे तिची वासनारहित समाधी लागते. याने चरबी जळून होणारी आरोग्यास घातक संयुगे कमी होतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु धूररहित म्हणून यंत्र विकत घेणारा ग्राहक पुढच्याच आठवड्यात बाटलीबंद धूर खरेदी करतो, आणि काही नव्या यंत्रांत लाकडाच्या गोळ्या जाळण्यासाठी खास पेटी बसवलेली असते, म्हणजे जो दोष काढल्याबद्दल किंमत मोजली तोच दोष पुन्हा बसवल्याबद्दल आणखी किंमत मोजावी लागते. खानदेशात भरिताची वांगी काड्यांच्या जाळावर भाजली जातात; न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाने तेच वांगे विजेच्या ग्रिलवर ठेवले तर ते मऊ होते, साल सुटते, आणि चव एखाद्या सुशिक्षित भाजीसारखी लागते.

परसाचा भूगोलही या यंत्रामुळे आक्रसतो. लांब व बारीक वायरीत विजेचा दाब घटतो आणि वायर स्वतःच तापते, म्हणून उत्पादक जाड आणि आखूड वायरीचा आग्रह धरतात. परिणामी अर्धा एकर हिरवळ असलेला गृहस्थ सावलीचे झाड सोडून भिंतीला पाठ लावून यज्ञ करतो. बाहेरच्या सॉकेटाला गळती ओळखून वीज तोडणारा रक्षक-स्विच असतो, आणि कुठे ओल शिरली की तो ऐन आहुतीच्या वेळी आपले कर्तव्य बजावतो.

वास्तविक या यंत्राचे खरे घर परसात नाहीच. अमेरिकेत अनेक ठिकाणी लागू असलेल्या अग्निसुरक्षा-नियमांनुसार बहुमजली इमारतींच्या लाकडी बाल्कनीत कोळशाचे ग्रिल चालवता येत नाही; तेथे विजेच्या ग्रिलला प्रतिस्पर्धी नसतो, आणि एकमेव उमेदवार नेहमीच गुणवान दिसतो. मात्र हा गौरव पाहून एखाद्या अनिवासी आप्ताने तेच यंत्र सामानातून पुण्यास आणले, तर भौतिकशास्त्र त्याची भरपाई करते. १२० व्होल्टसाठी बनलेली तार २३० व्होल्टला जोडली की उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे साडेतीनपटींहून अधिक वाढते. यंत्र प्रथमच निखाऱ्याच्या तोडीचे तेज प्रकट करते, जमलेली मंडळी प्रथमच खरोखर मागे सरकतात, त्यानंतर फ्लॅटचा एमसीबी पडतो आणि मसाला लावलेले पनीर आतमध्ये गॅसवर, पोळ्यांच्या तव्यावर परतले जाते.