सीमा ओलांडलेली सून

युरोपीय संघाचा 2004 चा निर्देश मोठा गमतीदार. नवरा जर्मन, बायको परदेशी आणि संसार फ्रान्समध्ये, तर सलग पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर तिला तिथे कायम राहायचा हक्क. त्याने जर्मनीतच घर मांडलं, तर हा निर्देश सहसा लागूच नाही. थोडक्यात, बायकोसाठी सीमा ओलांडावी लागते.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हेच उलटं चालतं. नवापूर रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरून दोन पावलं टाकली की राज्य बदलतं. पलीकडच्या उच्छलची आदिवासी मुलगी नवापुरात सून म्हणून आली, की चुलीला आणि शेताला त्याच दिवशी पात्र ठरते. महाराष्ट्रातल्या आरक्षणाला मात्र नाही. स्थलांतरिताच्या जमातीचे लाभ दुसऱ्या राज्यात सोबत येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1990 मध्येच सांगून ठेवलंय.

1 मे 1960 पूर्वी दोन्ही गावं मुंबई राज्यातच होती. तेव्हा वऱ्हाडी मंडळींनी यापुढे मुहूर्त काढताना पंचांगाशेजारी मुंबई पुनर्रचना कायदाही उघडून ठेवावा. गुण छत्तीस जुळले तरी चालणार नाही. राज्य जुळलं पाहिजे.