आधी महाभारत, मग मुळाक्षरं

भिलाईत सिव्हिक सेंटरच्या बाजूने एक चक्कर मारा. आयआयटी, नीट, स्पोकन इंग्लिश, कोडिंग... फलकांवर फलक. विदर्भातून इथे कारखान्यात आलेल्या आपल्या मराठी घरांतही दहावीच्या पोराला पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "क्लास कुठला लावलास?" "सध्या काय बनवतोयस?" असं कुणी विचारत नाही.

माझं भांडण या क्रमाशी आहे. आधी शिका, प्रमाणपत्र घ्या, मग कधीतरी काम. हातात काम नसताना घोकलेलं परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी उतरतं. आवाक्याबाहेरचं काम अंगावर घेतलं, की कुठे अडतंय हे रोज कळतं आणि जिथे अडतं तिथलं शिकावंच लागतं.

दाखला लांबचा नाही. भिलाईपासून चौदा किलोमीटरवर गनियारी गाव आहे. 1956 साली तिथे जन्मलेल्या तीजनबाईंच्या वाट्याला शाळा आली नाही. आईचे वडील ब्रजलाल पारधी पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा, गायचे. त्या ऐकून ऐकूनच पोरीने पाठ केल्या. बायकांनी पंडवानी गायची तर वेदमती शैलीत, बसून. उभं राहून, अंगात पात्र आणून गायची कापालिक शैली पुरुषांची. तीजनबाईंनी नेमकी तीच उचलली. तेराव्या वर्षी चंद्रखुरी गावात पहिला जाहीर कार्यक्रम, बिदागी दहा रुपये. बाई असून गाते म्हणून समाजाने वाळीत टाकलं. त्या वेगळी झोपडी बांधून राहिल्या, पण गाणं सोडलं नाही.

त्या एका कामात काय काय भरलंय बघा. एका हातात तंबुरा, दुसऱ्यात करताल. दुःशासनवध रंगात आला की तोच तंबुरा भीमाची गदा होऊन खांद्यावर चढतो, पुढच्या प्रसंगात अर्जुनाचं धनुष्य होतो. शेजारी बसलेला रागी, म्हणजे साथीदार, हुंकार देतो, मध्येच प्रश्न टाकतो. उत्तर तिथल्या तिथे, ताल न सोडता द्यायचं. पाठांतर, गळा, अभिनय, हजरजबाबीपणा आणि तासन्‌तास उभं राहायची ताकद. या पाचांचे पाच क्लास लावले असते तर पाचही अर्धवट राहिले असते. महाभारत डोक्यावर घेतलं म्हणून पाचही एकत्र आले.

आणि गुरू? गुरूही होते. उमेदसिंह देशमुखांकडे त्या पुढे शिकल्या. स्वतः शिकायचं म्हणजे कुणाला विचारायचंच नाही, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. फक्त, गुरूकडे जाताना काय विचारायचं हे त्यांना आधीच ठाऊक असणार. भिलाई पोलाद कारखान्यात नोकरी करत त्यांनी ही पंडवानी देशोदेशी नेली. 2019 मध्ये पद्मविभूषण मिळालं.

हे कलेतच चालतं, यंत्रात नाही, असं म्हणणाऱ्यांना कोल्हापूरचे बाबूराव पेंटर सांगतो. रंगवायचे पडदे, पण ध्यास सिनेमाचा. परदेशी कॅमेरा जवळ नव्हता. म्हणून त्यांनी आपले शिष्य दामले यांना हाताशी धरून 1918 साली कॅमेराच बनवला आणि त्याच्यावर 'सैरंध्री' काढला. कॅमेरा बनवण्याचा अभ्यासक्रम त्या वेळी कोल्हापुरात होता कुठे?

क्लास बंद करा असं मी म्हणत नाही. प्रवेशपरीक्षा खरी आहे, तिची धास्तीही खरी आहे. पण आठवड्यातली एक संध्याकाळ तरी पोरांना स्वतःच्या वेड्या कामासाठी सोडा. दुर्बीण करू दे, सायकलला मोटर बसवू दे, दोन अंकी नाटक लिहून बसवू दे. वर्षभर रखडलं तरी हरकत नाही. आणि अडलं तर विचारायला भिलाईसारखं गाव नाही. इथल्या सेक्टरांत आयुष्यभर लोखंडाशी झुंजलेले फिटर, टर्नर, वेल्डर राहतात. बिघडलेली जोडणी दाखवली तर बहुतेक जण चहा बाजूला ठेवून चष्मा शोधतील. फक्त त्यांचं दार वाजवताना हातात काहीतरी मोडकं-तोडकं, स्वतः केलेलं असू द्या. रिकाम्या हाताने आलेल्या पोराला त्यांनी काय दुरुस्त करून दाखवायचं?