पटत नाही तर राहता कशाला?

काही प्रश्न विचारायला डोकं लागत नाही, नुसता आवाज लागतो. त्यातला पहिल्या नंबरचा प्रश्न म्हणजे, "एवढं वाईट आहे तर राहता कशाला इथं?" रस्त्यावर बोला, पीकविम्यावर बोला, सरकारवर बोला; समोरचा हा प्रश्न फेकतो आणि वाद जिंकल्यासारखा मिशीवरून हात फिरवतो.

अंबडच्या बसस्टँडसमोर परवा हाच सामना रंगला होता. एका बाजूला मोसंबीवाला शेतकरी. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, फाइलीत सातबारा, आधारची झेरॉक्स, बँकेचं पासबुक आणि तीनदा केलेल्या अर्जाच्या पोचपावत्या. दुसऱ्या बाजूला पेन्शनर. शेतकरी वैतागून म्हणाला, "या देशात शेतकऱ्यानं जन्मालाच येऊ नये." पेन्शनर म्हणाले, "मग जा की दुबईला!" शेतकऱ्यानं फाइल बंद केली. "झाडं काय पिशवीत घालून नेऊ का, गुरुजी?"

यावर उत्तर नव्हतं, म्हणून पेन्शनरांनी पेपर उघडला.

खरं तर अंबडला हा प्रश्न नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाची रयत होतो. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अलींनी जाहीर केलं की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहणार. १५ ऑगस्टला देशभर मिठाई वाटली जात असताना इकडं मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली. अंबडचा माणूस १४ तारखेला निजामाच्या राज्यात झोपला आणि १५ला तिथंच उठला. राज्य मनातून उतरलेलं, पण रान, विहीर, बैल सगळं त्याच राज्यात. आता राहायचं की जायचं?

काही गेले. मनमाड, उमरखेड, सोलापूर अशा सरहद्दीपलीकडच्या गावांतून कॅम्प चालवून लढले. बाकीचे राहिले, आणि त्यांतल्या हिमतीच्या माणसांनी राहून काय केलं? शिंदीची झाडं तोडली! आज नातवंडांना सांगितलं तर ती हसतील. निजामाशी वैर आणि कुऱ्हाड शिंदीवर? पण हिशेब पक्का होता. शिंदीतून आबकारी आणि आबकारीतून तिजोरी भरायची. करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी उद्ध्वस्त केली, लेव्हीचं धान्य घालायला नकार दिला, ते त्याच हिशेबानं. राज्य सोडता येत नाही ना? मग राज्याची कमाई तरी तोडा.

राहून बोलणाऱ्यांत एक नाव आपण सतरा सप्टेंबरच्या भाषणांत सोयीनं विसरतो. शोएबुल्ला खान. हैदराबादेत 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक चालवायचे. निजामाच्या बाजूनं दहशत माजवणाऱ्या रझाकारांवर कोरडे ओढायचे, संस्थान भारतात विलीन करा असं छापायचे. त्यांना मुंबई-दिल्लीत जाऊन सुरक्षित अग्रलेख लिहिता आले असते. ते राहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी परतताना त्यांचा खून झाला आणि लिहिणारा हातही तोडला गेला. हैदराबाद मुक्त व्हायला महिनाही उरला नव्हता.

आता सतरा सप्टेंबरनंतरचं बघा. लालकिल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या गर्जना करणारे रझाकारांचे नेते, लातूरचे वकील कासिम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटले आणि पाकिस्तानात गेले. निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली त्यांच्या सात वर्षं आधीच नजरकैदेतून निसटून तिकडं पोचले होते. आणि स्वतः निजाम? हे महाशय कुठंच गेले नाहीत. ज्या देशात यायला नको म्हणून वर्षभर अडून बसले, त्याच देशात २६ जानेवारी १९५० ला राजप्रमुख झाले आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिले, वर तनखा होताच. त्यांना कोणी विचारलं नाही, "पटत नव्हतं तर राहता कशाला?"

तो प्रश्न कुणाला विचारला गेला? गल्लीतल्या विणकराला, टांगेवाल्याला, कुळानं शेती करणाऱ्याला. भारतीय फौजांच्या पोलीस कारवाईच्या वेळी आणि त्यानंतर संस्थानात जो हिंसाचार झाला, त्यात किमान २७ ते ४० हजार माणसं गेली असावीत असा पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज होता. मरणाऱ्यांत बहुतांश मुसलमान होते, आणि रझाकारांचा गणवेश अंगावर कधीच न घातलेले त्यांत किती होते हे विचारायला कुणी थांबलं नाही. दोषी विमानानं जातो आणि जाब शेजाऱ्याकडं मागितला जातो, ही आपली जुनी रीत.

आणि आता काळाचा विनोद. ज्या निजामाला आपण दरसाल झेंडा लावून शिव्या देतो, त्याचीच कागदपत्रं आज अंबड तालुक्यात सोन्याच्या भावात आहेत. मराठा आरक्षणासाठीचं अंतरवाली सराटीचं उपोषण, १ सप्टेंबर २०२३ चा लाठीमार, मग कुणबी नोंदी शोधणारी न्यायमूर्ती शिंदे समिती, हैदराबादच्या वाऱ्या, आणि २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटिअरचा शासन निर्णय. पणजोबांनी ज्याचं राज्य नको म्हणून कुऱ्हाड उचलली, त्याच्याच दफ्तरात पणतू आरक्षणासाठी 'कुणबी' शब्द शोधतोय. त्यात चूक काहीच नाही. राज्य अन्यायी असलं तरी त्याच्या कारकुनानं लिहिलेली नोंद खरी असू शकते. फक्त यापुढं "त्या राज्याचं काहीही नको" असं माइकवरून म्हणताना आवाज थोडा कमी ठेवावा.

बरं, देश सोडणं अवघड. सरकार सोडणं तर सोपं ना? ते आमच्या अंबडनंच पाहिलंय. १७ नोव्हेंबर २०२३ ला इथं ओबीसींची एल्गार सभा झाली. मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या आपल्याच सरकारच्या धोरणावर मंत्री छगन भुजबळ कडाडले. पुढं फेब्रुवारीत नगरच्या सभेत त्यांनी सांगितलं की अंबडला यायच्या आदल्या दिवशीच, १६ तारखेला, मी राजीनामा दिला होता. म्हणजे आम्ही ज्यांच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या ते मंत्री होते की माजी मंत्री, हे आम्हाला अडीच महिन्यांनी कळलं. राजीनामा स्वीकारलाच नव्हता, त्यामुळं ते मंत्रीच होते. २०२५ च्या शासन निर्णयानंतर त्यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीकडं पाठ फिरवली. मंत्रिपदाकडं नाही.

समोरचा तंबूही काही कमी नाही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणासाठी हेमंत पाटील आणि हेमंत गोडसे या दोन खासदारांनी राजीनामे दिले. टीव्हीवर पट्टी फिरली, गावात फटाके वाजले, आणि दोघेही मुदत संपेपर्यंत खासदार राहिले. आपल्याकडं राजीनामा हा दिला जातो. तो स्वीकारला जाईल अशा बेतानं दिला जातोच असं नाही.

"आम्ही आत राहून लढतो," हे यांचं सगळ्यांचं उत्तर. मुद्दा खोटा नाही. सगळे शहाणे बाहेर पडले तर आत कोण उरेल? पण शिंदी तोडणाराही आतच होता. त्याच्या आत राहण्यानं निजामाचं नुकसान होत होतं. यांच्या आत राहण्यानं कुणाचं काय बिघडलं, एवढं सांगा.

आता आपला अमेरिकेतला पुतण्या. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिथल्या सरकारच्या नावानं बोटं मोडतो. म्हणतो, माझ्या टॅक्सच्या पैशातून बॉम्ब जातात, काका. मग हळूच विचारतो, ग्रीन कार्डचं कधी होईल हो? सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरची फी लागली तेव्हा त्याचा नैतिक संताप तीन दिवस पूर्ण बंद होता. इकडचे त्याला म्हणायचे, तिकडंच जा. तिकडचे म्हणतात, परत जा. त्याची अडचण खरी आहे: टॅक्स कापला जातो, मत देता येत नाही, फार बोललं तर व्हिसाची भीती. पण तो स्वतःच्या पायानं गेलाय आणि डॉलर घेतोय. म्हणून त्याच्याकडं थोडा जाब मागायला हरकत नाही. तिथल्याच थोरो नावाच्या लेखकानं गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. देश त्यानं सोडला नाही, पावती नाकारली. पुतण्याला तुरुंगात जा असं कोण म्हणतंय? कॉलवर जे बोलतो ते निदान तिथल्या एखाद्या मोर्च्यात, गर्दीच्या मागच्या रांगेत उभं राहून बोल.

मूळ गफलत अशी आहे की 'जा' म्हणणाऱ्याला देश सरकारच्या मालकीचा वाटतो आणि आपण त्याचे भाडेकरू. सरकार पाच वर्षांचं असतं, मोसंबीची बाग त्याहून जास्त टिकते. इथं जन्मलेल्यानं इथं राहायला कारण द्यायचं नसतं. कारण द्यायचं असतं ते इथल्या अन्यायावर पोट भरणाऱ्यानं.

म्हणून दोनच गोष्टी तपासा. जायला काय पडतं, आणि राहण्याचं काय मिळतं? शेतकऱ्याला जायला सगळं पडतं आणि राहण्याचं काही मिळत नाही; त्याला हा प्रश्न विचारणं हा निव्वळ उद्धटपणा. पुतण्याचं निम्मं निम्मं. मंत्र्याला गाव सोडायचं नाही, घर सोडायचं नाही, फक्त एक खुर्ची सोडायची आणि उद्यापासून पुन्हा याच देशात राहायचं. प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा. आपण मात्र तो नेमका खालून वर विचारत जातो आणि वर पोचायच्या आत दमतो.

तेव्हा आत राहून लढणाऱ्यांना एकच विनंती. लढा, जरूर लढा. पण त्या लढाईचा आवाज कधीतरी तुमच्या ताफ्याच्या सायरनपेक्षा मोठा येऊ द्या.