ओटीपी द्या, गड राखा

सोसायटीच्या दिवाळी किल्ला स्पर्धेचं ऑनलाइन मतदान यंदा निःपक्षपाती, पारदर्शक आणि खेळीमेळीच्या वातावरणात पार पडलं, असं पत्रक लिफ्टमध्ये लागलं आहे. पहिल्या आलेल्या किल्ल्याला सोसायटीत राहणारी माणसं, कामाला येणाऱ्या मावश्या, पार्किंगमधली कुत्री आणि गच्चीतली कबुतरं यांच्या बेरजेपेक्षा जास्त मतं पडली. कुणी शंका काढू नये. एकही मत खोटं नाही. प्रत्येक मतामागे एक चालू मोबाइल नंबर आणि त्यावर आलेला सहा आकडी ओटीपी आहे.

ओटीपीपर्यंत समिती सुखासुखी पोचलेली नाही. आधी व्हॉट्सॲपच्या पोलवर मतदान घेतलं. त्यात कुणी कुणाला मत दिलं ते नावासकट दिसतं. ए विंगमधल्या एका घरानं भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याला डावलून सी विंगला मत दिल्याचं उघड झालं, तेव्हापासून त्या मजल्यावर फराळाची ताटं फिरायची थांबली. मग फॉर्म आला. त्यात नावं झाकली, पण इन्कॉग्निटो विंडो उघडून हवी तितकी मतं देता येतात हा शोध आठवीतल्या एका चिरंजीवांनी लावला, आणि एका रात्रीत त्यांच्या प्रतापगडानं सगळ्यांना मागे टाकलं. म्हणून यंदा ओटीपी. एक मोबाइल, एक मत! अध्यक्षांनी हे वाक्य सभेत पुन्हा पुन्हा म्हटलं आणि दर वेळी टाळ्या घेतल्या.

आता ओटीपी म्हणजे काय, तर जो कुणालाही सांगायचा नाही तो आकडा. बँक तेच सांगते, पोलीस तेच सांगतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडून त्यांच्या मुलानं तेच घोकून घेतलंय: बाबा, साक्षात बँकेचा मॅनेजर दारात उभा राहिला तरी ओटीपी द्यायचा नाही. आजोबा इतके पक्के झाले होते की सिलिंडरवाल्यालाही कोड सांगण्याआधी त्याचं ओळखपत्र बघत. आणि वसुबारसेच्या संध्याकाळी त्याच मुलाचा मुलगा समोर येऊन म्हणाला, ‘आजोबा, चष्मा राहू दे, फोन इकडे द्या, मीच बघतो ओटीपी.’ आजोबांनी दिला. मग आजीचा दिला. मग आजोबांनी आपल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्रांना फोन लावले आणि जन्मभर मागितली नव्हती ती गोष्ट मागितली. ‘काकू, ओटीपी आला का?’ हे वाक्य त्या आठवड्यात ‘फराळाला या’पेक्षा जास्त वेळा कानावर पडलं. इस्त्रीवाल्याकडून कपडे आणायचे तर ओटीपीसह. दूधवाल्याचं बिल ओटीपी आल्याशिवाय चुकतं होईना. एका ताईंनी भावाला आधीच कळवून ठेवलं की यंदा ओवाळणीत पाकीट नको, वहिनीच्या माहेरची माणसं किती आहेत तेवढं सांग. न्यू जर्सीच्या मावशीला ओटीपी पोचेना, कारण यंत्रणेला +९१ शिवाय दुसरा देश माहीत नव्हता. मावशींनी कपाटाच्या तळातून भारतातलं जुनं सिम शोधलं, त्यावर रोमिंगचा रिचार्ज मारला आणि भाच्याच्या किल्ल्याला मत दिलं. पहिलं बक्षीस स्टीलची पाण्याची बाटली होती. रिचार्जमध्ये तशा डझनभर आल्या असत्या.

खरा भाव आला तो वॉचमनला. त्याच्या फोनमध्ये दोन सिमं, एक गावाकडचं आणि एक इथलं. एरवी ज्याला ‘ए, गेट उघड’ म्हणतात, त्याला धनत्रयोदशीपासून ‘भैय्याजी’ म्हणायला लागले. तिन्ही विंगांच्या चकल्या त्याच्या टेबलावर आल्या. त्यानं प्रत्येक विंगला शब्द दिला आणि कुणाचाही मोडला नाही, कारण गेटवरचे त्याचे आणखी दोन सहकारी दोन-दोन सिमवाले निघाले. मला त्यात काही गैर दिसत नाही. आपल्याकडे एका माणसाला आपल्या नावावर ९ सिमकार्डं बाळगायची कायदेशीर मुभा आहे. तेव्हा ‘एक मोबाइल, एक मत’ याचा अर्थ दर माणशी नऊ मतं असा होतो. राज्यघटनेनं प्रौढ नागरिकाला एकच मत दिलं होतं. आमच्या समितीनं मन मोठं करून ती उणीव भरून काढली. सायबर चोरांनीही समितीचे आभार मानायला हरकत नाही. आजवर त्या बिचाऱ्यांना बँक, कुरिअर, वीजबिल असल्या घासून गुळगुळीत झालेल्या थापा माराव्या लागत. पुढच्या दिवाळीत ‘काकू, तुमच्याच सोसायटीतून बोलतोय, सोनूच्या किल्ल्यासाठी’ एवढं म्हटलं तरी काम होईल, आणि काकू वर ‘बाकीच्यांचे पण देऊ का?’ असं विचारतील.

मतपत्रिकेवरच्या क्रमाचीही एक भानगड झाली. नावं वर्णानुक्रमे लावली होती आणि लोक वरून पहिलं दिसेल त्यावर बोट ठेवून मोकळे होत होते. अजिंक्यताऱ्याला भरभरून मतं, सिंहगड तळाशी, आणि हरिश्चंद्रगड तर स्क्रोल करूनही हाती लागेना. दर वेळी क्रम आपोआप बदलेल अशी सोय फॉर्ममध्ये असते. ती का वापरली नाही? तर त्यानं ‘आपला किल्ला कितवा ते नातेवाइकांना सांगता येत नाही.’ पुढच्या वर्षीची तयारी आतापासूनच सुरू आहे. एका घरात अवचितगड ठरलाय, एकात अलंग, एकात अहिवंत, आणि ज्यांच्याकडे जुना बाथटब आहे त्यांनी अर्नाळा आरक्षित केलाय. मुलांना त्यानिमित्तानं चार नवे किल्ले कळतील, हा एक फायदा मान्य करायला हवा.

एवढी कुलपं घातली, किल्ल्या मोजल्या, पण मत देणाऱ्यानं किल्ला पाहिला आहे का, हे एकानंही विचारलं नाही. गीरच्या जंगलात एका मतदारासाठी मतदान केंद्र उघडलं जातं आणि सरकारी माणसं यंत्र घेऊन तिथवर जातात. आमच्या मतदाराला पाचव्या मजल्यावरून लिफ्टनं खाली यायचं होतं. तो आला नाही. त्यानं सोफ्यावर पडून फोटो पाहिला, आणि फोटोत काय दिसतं? सी विंगमधल्या सातवीतल्या मुलीनं रायगड केला होता. महादरवाजा तिनं दोन बुरुजांच्या कवेत, वळणाआड घातला होता, कारण तो तसाच आहे. गोमुखी रचना म्हणतात तिला. समोरून येणाऱ्या शत्रूला दरवाजा दिसूच नये, वळण घेऊन दारापाशी येईपर्यंत तो वरच्या माऱ्यात सापडावा, म्हणून केलेली. तिच्या रायगडाचा दरवाजा समोरून काढलेल्या फोटोत दिसला नाही. ग्रुपवर शेरे पडले: ‘छान प्रयत्न, पण दरवाजाच विसरली’, ‘एंट्री कुठून आहे?’ ज्या युक्तीनं शत्रू फसावा ती युक्ती साडेतीनशे वर्षांनीही चोख चालली, फक्त फसला तो मतदार. शेजारच्या मुलानं राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी केली होती. दोन भिंतींच्या मधली फट फोटोत एक काळी रेघ म्हणून आली. ‘भिंतीला तडा गेलाय’ म्हणून त्याचीही मतं गेली. पहिल्या आलेल्या किल्ल्यात निळ्या दिव्यांचं कारंजं होतं, बॅटरीवर फिरणारी पवनचक्की होती, आणि दरवाजा इतका मोठा आणि इतका समोर होता की त्यातून खरोखरची स्कूटर आत गेली असती. त्या किल्ल्याला मागची बाजू नव्हती. कॅमेरा तिकडे जाणार नव्हता.

हिरवळीचं तर विचारूच नका. अळीव पेरलं की कोंब वर यायला चार दिवस लागतात, आणि फोटो पाठवायची मुदत होती वसुबारस. लक्ष्मीपूजनाला ज्यांचे डोंगर खरेखुरे हिरवे झाले, ते सगळे हरले. जिंकला तो प्लास्टिकचा गालिचा. तो पहिल्या दिवसापासून हिरवा असतो, पाणी मागत नाही आणि मुदत पाळतो.

न पाहता मत द्यायचा हा रोग आजचा नाही. २००७ साली जगातली नवी सात आश्चर्यं निवडायची म्हणून ताजमहालासाठी देशभरातून एसएमएस गेले, आणि पाठवणाऱ्याला तू आग्र्याला गेला होतास का असं कुणी विचारलं नाही. उलट २०२५ साली साल्हेरपासून जिंजीपर्यंतचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यासाठी तज्ज्ञ पायऱ्या चढून गडावर गेले होते. माझ्या लहानपणी वाड्यावाड्यांतून परीक्षक यायचे. एक चित्रकलेचे मास्तर, एक इतिहासाचे. गुडघ्यावर बसायचे, भुयारात बोट घालून बघायचे, ‘पाण्याचं टाकं कुठंय रे?’ म्हणून विचारायचे आणि टाकं नसलं तर मिशीतल्या मिशीत हसायचे. ते पक्षपात करायचे का? करायचे! मास्तरांचा भाचा दर वर्षी दुसरा यायचा. पण त्या भाच्याच्याही कोपरापर्यंत चिखल असायचा हो!

चिखल! आता निघालाच आहे विषय तर बोलून टाकतो. किल्ल्याला माती लागते, आणि या संपूर्ण आवारात ढेकूळभर माती शिल्लक नाही. कंपाऊंडपासून कंपाऊंडपर्यंत पेव्हर ब्लॉक! झाडाच्या बुंध्यालाही गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक! ज्या समितीनं मुलांच्या पायाखालची जमीन सर्वसाधारण सभेच्या ठरावानं बुजवली, तीच समिती ‘आपली संस्कृती, आपले किल्ले’ म्हणून स्पर्धेचा फ्लेक्स लावते. मुलं रस्त्याकडेच्या टेम्पोतून पोत्याच्या भावानं माती विकत आणतात. डोंगरउताराच्या प्रदेशात, सिंहगड गच्चीतून दिसतो अशा ठिकाणी, मातीला पोत्याचा भाव! दिवाळी सरली की तीच माती ‘पार्किंगमध्ये घाण नको’ म्हणून चोवीस तासांत उचलायची नोटीस येते, नाही उचलली तर दंड. पावसाळ्यात त्याच ब्लॉकवर पाणी साचतं, उन्हाळ्यात त्याच ब्लॉकवर टँकर येतो, आणि दोन्हींचा खर्च मेंटेनन्समध्ये लागतो. त्यावर कधी ऑनलाइन मतदान घेतलंत? ओटीपी मागितलात? तिथे हात वर करून तीन मिनिटांत ‘सर्वानुमते मंजूर’ होतं!

असो. निःपक्षपाती मतदान करणं अवघड अजिबात नाही. मी समितीला लेखी सुचवलं: मत फक्त किल्ला करणाऱ्या मुलांनीच द्यायचं. प्रत्येकानं सगळे किल्ले जागेवर जाऊन बघायचे, मागून सुद्धा. आपला सोडून बाकीच्यांतले तीन निवडायचे, पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. ज्याचे हात चिखलात गेलेत त्याला बुरूज कुणाच्या बाबांनी बांधलाय ते लांबूनच कळतं. गोमुखी दरवाजा शोधायला मुलं आपणहून वाकतील आणि सापडला की ओरडतील.

समितीचं उत्तर आलं. सूचना स्तुत्य आहे, पण मुलं आपापसांत ठरवून एकमेकांना मतं देतील, दबाव आणतील, आमिषं दाखवतील, आणि कोवळ्या वयात त्यांच्यावर वाईट संस्कार होतील अशी भीती पालकांनी एकमुखानं व्यक्त केली आहे. सबब पालकांचं ऑनलाइन मतदान पुढेही चालू राहील.