दिवा नव्हे, बत्ती

आमच्या नानामामाला समुद्र सोसत नाही. गेटवेहून मांडव्याची लाँच सुटायच्या आतच तो खिशातलं लिंबू काढून नाकाशी धरतो. बसतो मात्र उजव्या कठड्यालाच. बाकीची लाँच सीगल पक्ष्यांना वेफर्स भरवत असते आणि मामा त्यांच्याकडे पाठ करून कुलाब्याच्या टोकापलीकडचं प्राँग्जचं दीपगृह शोधत असतो. "तो बघ! 1875 सालचा! खाली सगळा खडक आहे. तो नसता ना, तर रात्री बंदरात शिरताना..." पुढचं वाक्य लिंबू गिळतं.

मामा जन्मभर ठाण्यात हिशेबखात्यात कारकून. समुद्राशी नातं सासुरवाडीचं. मामीचं माहेर थळचं, आणि मागच्या अंगणातून खांदेरी दिसते. मुलगी बघायला गेला तेव्हा दिवेलागण झालेली. समोर पोह्यांची बशी आणि हा सारखा घड्याळात बघतोय. मामीच्या वडिलांना वाटलं, मुलाला शेवटची एसटी गाठायची असेल. मुलगा खांदेरीच्या दीपगृहाचे झपके मोजत होता.

त्याचं म्हणणं, प्रत्येक बत्तीची चाल वेगळी. इतक्या सेकंदांत इतके झपके, आणि शेजारणीचे तेवढेच कधीच नाहीत. खलाशानं मोजायचं, यादीत बघायचं, की आपण कुठल्या किनाऱ्यासमोर आहोत ते कळलं. हे पटवायला तो आम्हा सगळ्यांना अलिबागच्या वाळूत अंधारात उभं करतो. एक, दोन, तीन... तेवढ्यात भेळवाला विचारतो, "तिखट का मध्यम?" आकडा हुकतो. पुन्हा पहिल्यापासून.

बंदरात जागा मिळेपर्यंत नांगर टाकून थांबलेली जहाजं लांबवर लुकलुकत असतात. पोरं ओरडतात, "लाईटहाऊस!" मामाच्या कपाळाला आठी. "तो दिवा. दिवा नव्हे, बत्ती बघायची!" बत्ती हा शब्द त्यानं थळच्या कोळ्यांकडून उचललाय आणि तो त्यांच्याहून जास्त वापरतो.

जेवताना कोशिंबिरीतली कांद्याची चकती उचलून तो फ्रेनेलचं भिंग समजावतो. एकच जाड भिंग करायचं तर काच पेलवणार नाही, म्हणून त्या फ्रेंच माणसानं ते असं कड्याकड्यांचं केलं. मोठं भिंग पाऱ्यावर तरंगतं, बोटानं ढकललं तरी फिरतं. दिवसा पडदे ओढून ठेवायचे, नाहीतर ऊन एकवटून आग लागेल. तोवर मामी शांतपणे ती चकती काढून खाऊन टाकते.

एकदा मी म्हटलं, "मामा, आता जहाजांना जीपीएस आहे." तो माझ्या मनगटाकडे बघत म्हणाला, "मोबाइलमध्ये वेळ दिसते ना? मग हे घड्याळ काढ आणि दे मला." घड्याळ परत द्यायला त्याला दोन दिवस लागले.

2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांच्या किल्ल्यांबरोबर खांदेरीही गेली, तेव्हा नातेवाइकांनी मामालाच फोन करून अभिनंदन केलं. तो कुरकुरला, "किल्ल्याचं केलंय. 1867 पासून उभी आहे त्या बत्तीबद्दल कुणी बोललं का?"

मामीची तक्रार याहून जुनी. 1977 साली मधुचंद्राला गोव्याला नेलं ते थेट आग्वादला. किल्ल्यातली 1864 सालची बत्ती आदल्याच वर्षी विझवून शेजारच्या नव्या मनोऱ्यावर काम सोपवलेलं. "नवी नवरी बाजूला," मामी सांगते, "आणि हे सुतकात असल्यासारखे."

गेल्या हिवाळ्यात मामाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरवड्यानं थळला गेलो तर संध्याकाळी दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसलेली. मामाच्या डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर घड्याळ. मामी लसूण सोलत होती.

"आली बघ!" मामा बोट दाखवत म्हणाला.

मामीनं मान वर केली, क्षणभर थांबली आणि पुन्हा लसणीकडे वळली.

"दिवा आहे तो, अहो. बत्ती अजून यायचीय."