कात्रपकरांसाठी प्राथमिक इटालियन : आवडनिवड आणि मतप्रदर्शन

पूर्वतयारी फारशी लागत नाही. बदलापूर स्टेशनहून कात्रपला शेअर रिक्षाने येत असाल, तर इटलीशी तुमची सोयरीक आधीच झालेली आहे. बजाजची रिक्षा मुळात पिआज्जो कंपनीच्या परवान्यावर बनू लागली आणि तिची इटालियन आई, ‘आपे’, १९४८ साली रस्त्यावर आली.

धडा पहिला, आवड. घोकायचं वाक्य ‘मी पियाचे’. गॅलरीत मोठ्याने घोकल्यास शेजारी निराळाच अर्थ काढतील. खुलासा करत बसू नये. यातला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’, आणि कर्तेपण आवडणाऱ्या वस्तूकडे. वडापाव एक असेल तर ‘मी पियाचे’, दोन असतील तर ‘मी पियाच्चोनो’. आपण नाही का, जांभूळ आवडतं आणि जांभळं आवडतात असं म्हणत? बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा सराव त्याच्यावरच करावा. इंग्रजीतून इटालियन शिकणाऱ्यांना हा धडा जड जातो. त्यांचा ‘आय’ प्रत्येक वाक्याच्या दारात खुर्ची टाकून बसलेला. आधी त्याला उठवावं लागतं. समोरच्याने ‘मी पियाचे’ म्हटलं की आपण ‘आंके आ मे’ म्हणायचं, म्हणजे ‘मलाही’. ‘आंकीओ’, म्हणजे ‘मीही’, असं उत्तर दिलंत तर मराठी घरी विसरून आलात हे लगेच कळतं.

धडा दुसरा, निवड. क्रियापद ‘प्रेफेरिस्को’. अडचण व्याकरणाची नाही, संस्कारांची आहे. “चहा की कॉफी?” या प्रश्नाला आपलं उत्तर “काहीही चालेल”, आग्रह झाला तर “तुम्ही घ्याल ते”, फारच आग्रह झाला तर “आत्ताच घेऊन निघालो.” या साऱ्याला ‘पेर मे ए उग्वाले’, म्हणजे ‘मला दोन्ही सारखंच’, असं तयार वाक्य आहे, पण त्यावर अवलंबून राहू नये. कधीतरी निवडावं लागतंच. फक्त जेवणानंतर कापुचिनो निवडू नये. दुधाची कॉफी तिकडे सकाळची. दुपारी मागितली तर मिळते, पण वेटरच्या भुवयांसकट.

धडा तिसरा, मत. इथे विद्यार्थी गळतात. ‘पेन्सो के’ म्हणजे ‘मला वाटतं की’, आणि त्यापुढे साधा ‘ए’ (आहे) चालत नाही, ‘सीआ’ लागतो. घाबरू नका. ‘पाणी आलं असावं’ यातला ‘असावं’ ज्याच्या तोंडात बसलाय, त्याला ‘सीआ’ परका नाही. उदाहरणाला लोकल मात्र घेऊ नये. ती उशिरा आहे हे मत नसून वस्तुस्थिती असते, तिथे ‘ए’च हवा. ‘सीआ’चं हे रूप खुद्द इटालियनांनाही चकवतं. १९७५च्या ‘फान्तोत्सी’ चित्रपटातले कारकून ज्या चुकीच्या क्रियारूपांमुळे गाजले, ती याच घराण्यातली. आळशांसाठी पळवाट आहे: ‘सेकोन्दो मे’, म्हणजे ‘माझ्या मते’. त्यापुढे साधं ‘आहे’ बिनदिक्कत चालतं. सोसायटीच्या वार्षिक सभेत आपण तेच तर करतो. ‘माझ्या मते’ एकदा म्हटलं की पुढचं सगळं ठामपणे.

मत नसेल तर? आपल्याकडे ही वेळ येत नाही, तरीही माहीत असावं: ‘बो’. खांदे उडवून, ओठ पुढे काढून. “लिफ्ट कधी सुरू होणार?” “बो.” सेक्रेटरीपदासाठी एवढं इटालियन पुरेसं आहे.

राहता राहिले हातवारे. हा विषय इतका मोठा की ब्रुनो मुनारी या कलावंताने त्यांचा सचित्र कोशच काढला. ते घरी आरशासमोर शिकावेत. सकाळच्या सीएसएमटी लोकलमध्ये फक्त उच्चारांचा सराव करा. तिथे कोपर हललं तर शेजारचा जे मत व्यक्त करील, ते कुठल्याच पाठ्यपुस्तकात छापलेलं नाही.