डोळ्यांत तेल घालून

कॉम्प्युटरचं बरंचसं आयुष्य वाट पाहण्यात जातं, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. डिस्कची वाट, नेटवर्कची वाट, आणि सगळ्यांत लांबलचक म्हणजे आपली. 'ज्ञ' कुठल्या बटणावर आहे ते आपण शोधत असतो, तेवढ्यात तिकडे अब्जावधी ठोके पडून गेलेले असतात.

वाट पाहण्याच्या त्याच्याकडे दोनच तऱ्हा. एक म्हणजे ताणून द्यायची आणि काम झालं की उठवा, असं सांगून ठेवायचं. दुसरी म्हणजे टक लावून बसायचं. झालं का? नाही. झालं का? नाही. झालं का? या दुसऱ्या तऱ्हेला बिझी पोलिंग म्हणतात. असा टक लावून बसलेला प्रोसेसर 'टॉप'च्या पडद्यावर शंभर टक्के कामात दिसतो. अप्रेझलच्या महिन्यात हा आकडा कुणालाही हेवा वाटावा असा आहे.

या दोन तऱ्हांचं भांडण बघायचं तर व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्क ड्रायव्हरइतकी चांगली जागा नाही. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या मशीनच्या पोटात चालणारं दुसरं, लटकं मशीन. बाहेरचा तो होस्ट, आतला तो गेस्ट. त्याला नेटवर्क कार्ड लागतं, आणि ते कार्ड अस्तित्वातच नसतं. पूर्वी होस्ट चक्क सोंग वठवायचा: मी इंटेलचं कार्ड आहे, मी रियलटेकचं आहे. गेस्टचा ड्रायव्हर बिचारा त्या न-असलेल्या कार्डाच्या एकेका रजिस्टरमध्ये भक्तिभावाने लिहीत बसायचा. मग ऑस्ट्रेलियातल्या रस्टी रसेल यांनी 'व्हर्टआयओ' आणलं. २००८ च्या सुरुवातीला ते लिनक्स २.६.२४ मध्ये आलं. त्यातला सगळा शहाणपणा एवढाच, की दोघांनाही ठाऊक आहे ना हे खोटं आहे, मग सोंग कशाला? मेमरीत एक सामाईक रांग ठेवू. तू तुझं सामान त्यात ठेव आणि मला एक धक्का दे, मी उचलतो. त्या धक्क्याला सगळे 'किक'च म्हणतात.

पॅकेटांच्या रांगा वेगळ्या आणि हुकमांची रांग वेगळी. मॅक पत्ता बदल, अमुक पत्त्यांची पॅकेटं येऊ दे, रांगा दोनाच्या चार कर, असल्या फर्मायशी या हुकमांच्या रांगेतून जातात. तिथे ड्रायव्हर काय करायचा? हुकूम ठेवायचा, किक मारायचा आणि टक लावून बसायचा. तसं का, याचा खुलासाही कोडमध्येच लिहून ठेवला होता, की किक मारली की होस्ट ती लगेच पकडतो, त्यामुळे उत्तरही लगेच येणार.

हे तेव्हा अगदी खरं होतं. गेस्टने किक मारली की गेस्ट जागच्या जागी गोठायचा, होस्ट हुकूम बजावायचा आणि मगच गेस्टला पुढे चालू करायचा. गेस्टने डोळे उघडून पाहावं तर उत्तर समोर हजर. 'झालं का?' एकदाच विचारायचं आणि पहिल्याच फटक्यात 'हो'. अशा ठिकाणी झोपेची व्यवस्था करणं म्हणजे उगाच सोपस्कार. ज्याने हा लूप लिहिला त्याला मी दोष देणार नाही. मीही तसाच लिहिला असता.

पुढे पलीकडचा गडी बदलला. व्हर्टआयओचं बोलणं खरीखुरी हार्डवेअर कार्डंही बोलू लागली. २०२१ मध्ये लिनक्स ५.१५ बरोबर 'व्हीड्यूस' आलं, म्हणजे एखादा साधा यूजरस्पेसमधला प्रोग्रामही म्हणू लागला, मीच तुझं कार्ड. आता किक मारल्यावर कुणी गोठत नव्हतं. पलीकडचा आपल्या सवडीने उत्तर देणार, किंवा मध्येच मरून पडला तर देणारच नाही. ड्रायव्हर मात्र जुन्याच श्रद्धेने टक लावून बसलेला.

नुसता बसला असता तर एका कोरवर भागलं असतं. पण हा गृहस्थ बसतो तो हातात आरटीएनएल नावाचं कुलूप घेऊन. नेटवर्कच्या जवळजवळ साऱ्या मांडणीचं हे एकच सामाईक कुलूप. एकदा रात्री टीममधल्या एका मुलाचा फोन आला, "सर, आयपी लिंक मारलं तर कमांड परतच येत नाहीये. कंट्रोल-सी पण ऐकत नाही. पण पिंग चालू आहे!" पिंग चालू असणारच, पॅकेटांच्या रांगा वेगळ्या. त्याला म्हटलं, पीएस लावून अक्षरं वाच. एका प्रोसेसपुढे आर, म्हणजे धावतोय. बाकी सगळ्यांपुढे डी, म्हणजे अशी झोप की किल मारूनही मोडत नाही. एकच जागा, तोही काही न करता, आणि त्याच्या पायी बाकीची सगळी फौज आडवी. डीमध्ये पडलेल्यांनाही लिनक्स लोड अ‍ॅव्हरेजमध्ये धरतं, त्यामुळे मशीनचा आकडा बघून वाटावं की इथे केवढी धामधूम चालली आहे.

कर्नललाही हे सगळं डोळ्यांआड करता येत नाही. वीस-बावीस सेकंद कुणी प्रोसेसर अडवून ठेवला की ते लॉगमध्ये 'सॉफ्ट लॉकअप' म्हणून बोंब ठोकतं. डीमध्ये एखादा १२० सेकंद पडून राहिला की त्याच्याही नावाने तक्रार लिहितं. म्हणजे जागणाऱ्यावर बावीस सेकंदांत संशय आणि झोपलेल्याला दोन मिनिटांची मुभा. मला हे प्रमाण न्यायाचं वाटतं.

मग झोपून टाक म्हणावं त्या ड्रायव्हरला, तर तेही सरळ नाही. कुठल्या पत्त्यांची पॅकेटं घ्यायची हे ठरवणारा हुकूम येतो तेव्हा ड्रायव्हरच्या डोक्यावर स्पिनलॉक असतो, आणि स्पिनलॉक धरून झोपणं हा कर्नलमधला महापराध. 'शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' असं खरमरीत वाक्य लॉगमध्ये उमटतं. कारणही रास्त आहे. त्या लॉकसाठी जे थांबलेत ते टक लावूनच थांबलेत. तुम्ही झोपलात तर तुमच्या उठण्याची वाट ते जागून पाहणार. शेवटी गेल्या काही वर्षांत तोडगा निघाला तो असा, की असा हुकूम आला तर जागच्या जागी बजावायचाच नाही. कामाच्या यादीत टिपून ठेवायचा आणि झोपायची परवानगी असलेल्या कामगाराने तो नंतर उरकायचा. आणि टक लावायच्या त्या मूळ लूपमध्ये एक ओळ आली, 'कंड-रिशेड'. म्हणजे बसला आहेस तर बस बाबा, पण दुसऱ्या कुणाला प्रोसेसर हवा असेल तर जरा सरकून दे. कुलूप मात्र हातातच! याला काही जण ठिगळ म्हणतील. मी तडजोड म्हणतो, आणि कर्नलमधलं निम्मं शहाणपण असल्याच तडजोडींचं आहे.

झोपेची बाजू मी अशी उचलून धरतोय, पण झोपेचेही फटके आहेत. पॅकेट आलं की इंटरप्ट, म्हणजे खांदा हलवून उठवणं. थोडी पॅकेटं असतील तर हे छानच. पण लोंढा आला की? १९९६ मध्ये जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी यावर जो शोधनिबंध लिहिला तो आजही वाचावा असा आहे. पॅकेटं वाढत जातात तसा प्रोसेसर उठण्यातच दमतो. एकाची दखल घ्यायला बसतो न बसतो तोच दुसरा खांदा हलवतो. होता होता अशी वेळ येते की सगळा वेळ उठण्यात जातो आणि एकाही पॅकेटचं काम पुरं होत नाही. मशीन मेलेलं नसतं, झोपलेलं नसतं, पण हाती शून्य. या दुखण्याला त्यांनी 'रिसीव्ह लाइव्हलॉक' म्हटलं.

लिनक्सने यावर जो इलाज केला त्याला 'नॅपी' म्हणतात. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी तो २००१ मध्ये मांडला. पहिलं पॅकेट आलं की उठायचं, आणि उठल्याबरोबर इंटरप्टची घंटाच बंद करून टाकायची. आता कुणी उठवायचं नाही, मीच रांगेत बघत राहतो. एका फेरीत साधारण ६४ पॅकेटं उचलायची. रांग सरली की घंटा पुन्हा चालू करायची आणि पुन्हा झोप.

हे वाचलं तेव्हा मला पंढरपूरच आठवलं. एरवी विठ्ठलाची रोज रात्री शेजारती होते, पहाटे काकडआरती. देव रीतसर निजतो, रीतसर उठतो. पण आषाढी जवळ आली की देवाचा पलंग काढतात. शेजारती बंद, चोवीस तास दर्शन. उभं राहून पाठ अवघडू नये म्हणून मागे मऊ लोड देतात, रखुमाईला तक्क्या. वारी ओसरली की प्रक्षाळपूजा होते, पायाला लिंबू-साखर चोळतात, शिणवटा उतरावा म्हणून काढ्याचा नैवेद्य दाखवतात, आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. त्यातही कडी म्हणजे, याच एकादशीचं नाव शयनी. क्षीरसागरात विष्णू चार महिन्यांसाठी झोपी जातो तो याच दिवशी, आणि तोच देव भीमातीरी विटेवर उभ्याने भक्तांची रांग सरायची वाट बघतो. गर्दी बघून झोप की जागरण ते ठरवायचं, हे ओल्सन-कुझनेत्सोव्ह मंडळींच्या कितीतरी आधी बडव्या-उत्पातांना उमगलं होतं.

पलंग कायमचाच मोडीत काढणारेही आहेत. दहा गिगाबिटच्या तारेवरून सर्वांत छोटी पॅकेटं सोडली तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार येतात, म्हणजे दर पॅकेटामागे जेमतेम ६७ नॅनोसेकंद. एवढ्यात कुणाला झोपवणार आणि कुणाला उठवणार? म्हणून डीपीडीके नावाची लायब्ररी वापरणारे सरळ एक कोर या कामाला वाहून टाकतात. पॅकेट येवो न येवो, तो शंभर टक्क्यांवर. ज्यांना गरज आहे त्यांनी खुशाल वापरावं. पण दिवसाला चार मेल येणाऱ्या सर्व्हरवर कुणी ते लावलेलं दिसलं की मला विजेच्या बिलाची काळजी वाटते.

किती जागावं आणि मग झोपावं, याचं एक सुंदर गणित आहे. अ‍ॅना कार्लिन आणि सहकाऱ्यांनी १९९१ च्या निबंधात ते लॉकांवर तपासून पाहिलं. झोपून उठायला जेवढा खर्च येतो, तेवढाच वेळ जागून वाट पाहायची. तेवढ्यात काम झालं तर उत्तम. नाही झालं तर निमूट झोपायचं. नशीब कितीही फुटकं निघालं तरी, सगळं भविष्य आधीच ठाऊक असलेल्या माणसाच्या दुपटीपेक्षा जास्त खर्च तुम्हाला येत नाही. भविष्य न कळता दुपटीत सुटका, हा सौदा मला तरी स्वस्त वाटतो.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या लिनक्सच्या केव्हीएममध्ये याचीच एक आवृत्ती आहे. गेस्टने 'मी झोपतो' म्हटलं तरी होस्ट त्याच्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. इंटेलच्या घराण्यातल्या प्रोसेसरवर तो मुळातल्या सेटिंगप्रमाणे २०० मायक्रोसेकंदांपर्यंत त्याच्या उशाशी जागत बसतो, न जाणो लगेच उठला तर. त्यामुळे आतून बघावं तर गेस्ट निवांत, बाहेरून बघावं तर कोर तापलेला, आणि दोन टीममध्ये कुणाचा आकडा खरा यावरून जुंपलेली. २०१९ मध्ये गेस्टलाही झोपण्याआधी स्वतः थोडं जागण्याची सोय मिळाली. तेव्हा दोघांनीही जागू नये म्हणून गेस्ट होस्टला तसा निरोप देतो: आता मी बघतो, तुझं जागरण बंद.

आणि झोपायचं ठरलं तरी नुसतं आडवं होऊन चालत नाही. समजा ड्रायव्हरने रांग रिकामी पाहिली आणि मग घंटा चालू केली. या दोन क्षणांच्या मध्ये एक पॅकेट येऊन बसलं, तर? घंटा तेव्हा बंद होती म्हणून पलीकडच्याने वाजवली नाही, आणि चालू केल्यावर वाजवायचं त्याला काही कारण नाही. म्हणून व्हर्टआयओचा ड्रायव्हर आधी घंटा चालू करतो, मग रांगेत पुन्हा एकदा डोकावतो, आणि काही सापडलं तर झोप रद्द करतो. त्या दोन कृतींच्या मध्ये मेमरी बॅरियरची एक ओळ लागते. ती राहिली तर आजकालचे प्रोसेसर अतिहुशारीने आधी डोकावून घेतात आणि मग घंटा लावतात. अशा वेळी पॅकेट रांगेत पडून, ड्रायव्हर झोपलेला, होस्ट झोपलेला, कुठेही कसली तक्रार नाही. ग्राहक ओरडत असतो, आणि मॉनिटरिंगवरचा मुलगा आत्मविश्वासाने सांगत असतो, "मशीन एकदम टकाटक आहे सर, लोड शून्य!"